कबरी खणायची पहार

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

आज उपासनेत संबोधनावर बोललो. बाकीच्या विभक्ती काही ना काही मागतात. कोणाला, कोणाकडून, कोणाचं, कुठे. संबोधन काहीच मागत नाही, नुसती हाक मारतं. मी म्हटलं, पाप करून झाडाआड लपलेल्या माणसावर देवाने आधी धोंडा उचलला नाही, आधी हाक मारली. मागच्या बाकावर सणसवाडीच्या कारखान्यातले तरुण बसतात. आज त्यांनी आपणहून मोबाईल खिशात ठेवले. पाठ पोचला असं तेव्हाच समजायचं.

आयुष्यभर शिरूरच्या एका हायस्कुलात मराठी शिकवलं. पोरांनी व्याकरण मार्कांपुरतं घोकलं आणि विसरली. निवृत्त झाल्यावर कळलं, की तिथे मी या व्यासपीठाचीच तयारी करत होतो. आमच्या वाडीच्या ख्रिस्ती मंडळीला नेमलेला पाळक नाही. महिन्यातून एकदा दौंडचे पाळक येतात, बाकीचे रविवार माझे.

शेवटच्या प्रार्थनेत पोपटरावांचे वाळूचे ट्रॅक्टर गेले. खिडक्या थरथरल्या, वेदीवरच्या पेल्यातलं पाणी हललं. आमचं कबरस्तान घोडनदीच्या काठावर आहे. पात्रातली वाळू संपल्यामुळे हे लोक आता काठची दरड पोखरू लागलेत. दरड आणि पहिली कबर यांच्यामध्ये जेमतेम एक बैलगाडी उभी राहील एवढी जागा उरली. पहिली कबर माझ्या बायकोची, सुलक्षणाची आहे.

ज्ञानदेव ढोलकीवाला थांबला होता. तो सणसवाडीत प्रेस मशीनवर आहे. मशीनने त्याची दोन बोटं नेली, तरी त्याने ढोलकी सोडली नाही. सुलक्षणाला शेवटी चालता येत नव्हतं तेव्हा यानेच तिला पाठंगुळी घेऊन गाडीपर्यंत नेलं होतं. माझी सगळी प्रवचनं तो फोनवर रेकॉर्ड करतो आणि पाळीत कानाला लावून ऐकतो.

"सर, मशीनचा आवाज येतच न्हाई मग. निस्ता तुमचाच येतो," म्हणाला.

मूल नसल्याचं दुःख अशा वेळी फारसं टोचत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

ओठ फुटलाय. चहा पिताना झोंबतो.

सकाळी सुलक्षणाच्या कबरीवर गेलो तर खाली ट्रॅक्टर लागलेला. पोपटरावांचा ड्रायव्हर बन्सी. पंचविशीतला असेल, आईबरोबर काठावरच पत्र्याच्या खोपटात राहतो. मी चाकासमोर जाऊन उभा राहिलो.

"मास्तर, बाजूला व्हा. चाकाखाली याल आन् खापर आमच्या डोक्याव फुटंल."

"ही माणसांची झोपायची जागा आहे."

"झोपल्याली माणसं वाळू मागत न्हाईत. मालक मागतो."

हमाल हसले. मी खाली वाकून धोंडा उचलला आणि ट्रॅक्टरचा दिवा फोडला. खोटं कशाला लिहू, काच फुटल्याचा आवाज गोड लागला. बन्सीने उडी टाकून माझी गचांडी धरली आणि मला फरफटत चिखलात नेऊन टाकलं. तोंड दगडावर आपटलं. सदरा उभा फाटला.

"म्हाताऱ्या माणसावर हात टाकाया लावू नगा," तो म्हणाला. तोही धापा टाकत होता. "त्या दिव्याचं पैसं माझ्या पगारातनं कापत्यात."

दुपारी पोपटरावांचा फोन. आवाज लोण्यासारखा. "आनंदराव सर, आमच्या पृथ्वीराजला तुम्ही शिकवलंय. म्हणून ऐकून घेतो. तुम्ही व्याकरण बघा, वाळू आम्ही बघतो."

मी म्हटलं, "पोपटराव, मी दोन्ही बघणार आहे."

शुक्रवार, ७ फेब्रुवारी



काल रात्रीत दरड हातभर कोसळली. सकाळी पाळी संपवून वाडीला येताना ज्ञानदेवने पाहिलं आणि मला बोलवायला धावत आला. दरडीच्या पोटातून एक माणूस बाहेर आला होता. उताणा निजलेला, हात अंगाला लागून, बोटंन् बोटं जागेवर. नजर खाली गेली. घोट्यांच्या वर दोन्ही पाय संपले होते. पावलं नव्हतीच. हाडं तुटकी नव्हती, तोडलेली होती. हत्याराने.

ज्ञानदेव गुडघ्यांवर बसला. त्याचा आबा याच कडेला पुरला होता, लाकडी क्रूस पुरात वाहून गेला तेव्हापासून नेमकी जागा कोणालाच ठाऊक नाही.

"आबाच हाय, सर," तो म्हणाला. "पाय का तोडलं? मेल्याल्या माणसाचं पाय कशाला लागतात त्यांना?"

मी कशाला ते सांगितलं. बुधवारी मी दिवा फोडला, त्याचं हे उत्तर. तुमच्या मेलेल्यांनाही आम्ही सोडणार नाही, असा निरोप.

आमच्यात डोकं पश्चिमेला ठेवून पुरतात. हा उत्तर-दक्षिण पडला होता, दरड घसरताना फिरला असेल. पेटीची फळी नाही, खिळाही नाही. वाळवीने आणि गंजाने खाल्लं असणार. उशाशी लाल मडक्यांचे तुकडे होते, काळ्या रेघांचे. हमालांनी पाण्याचं भांडं फोडलं असेल. दात झिजून सपाट झालेले. बिचाऱ्याने जन्मभर वाळू मिसळलेली भाकरी खाल्ली असेल.

ताडपत्री टाकून वर दगड ठेवले. पोलीस पाटलाला सांगितलं. "तहसीलला कळवतो," म्हणाला. तहसील पुण्याला कळवेल, पुणे दिल्लीला कळवेल. मी रविवारची वाट बघतोय.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज बोललो तसा जन्मात बोललो नव्हतो. आठवतं तेवढं लिहून ठेवतो.

विषय कर्ता. मी म्हटलं, सरकारी कागदात कर्ता कधी सापडत नाही. वाळू उपसली गेली. दरड ढासळली. नजरचुकीने झाले. अशी वाक्यं माणूस कधी वापरतो? हात धुवायचे असतात तेव्हा. आपला विश्वास मात्र कर्त्यापासून सुरू होतो. सृष्टी झाली असं आपण म्हणत नाही. देवाने केली, म्हणतो. थोरल्या भावाने धाकट्याला शेतात नेऊन मारलं तेव्हा देवाने 'काय झालं' असं विचारलं नाही. तुझा भाऊ कुठे आहे, हे विचारलं. कोणाला विचारलं? ज्याचे हात भरलेले होते त्यालाच.

मग मी ताडपत्रीखालच्या माणसाबद्दल बोललो. बाया रडायला लागल्या. मी म्हटलं, त्याचे पाय तोडले गेले, असं माझ्यापुढे कोणी म्हणू नका. कोणी तोडले ते सांगा. ज्या वाक्याला कर्ता नाही ते वाक्य पुरं करणं हे मंडळीचं काम आहे. उठा. शोधा. कर्ता उघड्यावर आणा. जो पाय मोडतो तो आपल्या पायांनी ऐटीत चालत राहिला, तर आपण या बाकांवर कशाला बसतो?

"आमेन" छपराला जाऊन भिडलं. ज्ञानदेवचा फोन व्यासपीठाच्या कडेवर ठेवलेला होता. तो स्वतः भिंतीला टेकून उभा होता. आज ढोलकीला हात लावला नाही त्याने.

घरी आल्यावर भूक अशी लागली की चार भाकरी खाल्ल्या.

सोमवार, १० फेब्रुवारी

पोलीस पाटील सकाळीच आला. पहाटे उताराच्या वाटेवर कोणीतरी बन्सीला ट्रॅक्टरवरून ओढून काढलं. तोंडावर पोतं टाकलं, पालथा पाडला आणि पायांवर जड लोखंड घातलं. बाकी अंगाला बोट लावलं नाही. फक्त घोटे. उजव्याचा चेंदा झाला, डाव्याचं हाड बाहेर आलं. त्याचं ओरडणं ऐकून आई दगडाबाई खोपटातून धावत आली. पोराला पोत्यावर घालून ओढत डांबरीपर्यंत एकटीने नेलं म्हणे. आता दौंडला दवाखान्यात आहे.

मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाट बघत बसलो, आलं नाही. फुटलेल्या ओठाला जीभ लावली आणि वाटलं, पावलांना पावलं. देव हिशेब किती नेमका ठेवतो.

पलीकडच्या तीराच्या वाळूवाल्यांशी पोपटरावांचं जुनं वैर आहे. त्यांचंच काम. पाटलालाही तसंच वाटतं.

ज्ञानदेव उजाडताच मंडळीची पहार परत ठेवून गेला. कबरी खणायची पहार, त्याने काल आबासाठी नवी जागा बघायची म्हणून नेली होती. स्वच्छ धुऊन, तेलाचा हात फिरवून ठेवलीय. मी नको म्हणत असताना पाया पडला. आमच्यात ती रीत नाही. आजकाल अशी वस्तू धुऊन परत करणारी माणसं कुठे मिळतात?

गुरुवार, १३ फेब्रुवारी

पुण्याहून एक बाई आल्या. अनिता मॅडम, जुन्या वस्त्या खणून अभ्यास करतात. तहसीलवाल्यांनी फोटो पाठवले होते. ताडपत्री काढली आणि त्या भरउन्हात पोटावर पालथ्या झाल्या. ब्रश घेऊन तासभर माती झाडत राहिल्या.

मग उठून मातीचे हात झटकत म्हणाल्या, "सर, हे तुमच्या मंडळीतले नाहीत. तीन हजार वर्षं तरी झाली यांना."

मी म्हटलं, "पाय तोडलेत त्यांचे."

"हो. पुरतानाच तोडलेत. इथून जवळच इनामगावला तसेच सांगाडे निघाले होते, बहुतेक मोठ्या माणसांचे पाय असेच. कडा बघा, जुन्या आहेत. आणि ही खापरं त्यांच्याच घरातली. उशाशी ठेवलेली."

"कोणी तोडले?"

"घरच्यांनी," त्या सहज म्हणाल्या. "का, ते नक्की कोण सांगणार? आम्हाला वाटतं, मेलेला माणूस उठून घरापासून लांब निघून जाऊ नये म्हणून."

मी त्यांच्याशी भांडलो. काय काय बोललो आठवत नाही. त्यांनी पाणी दिलं. आणि पाणी पिता पिता आठवलं, की मीच आठवीच्या पोरांची सहल इनामगावला नेली होती. मीच त्यांना हे सांगितलं होतं. बिनपावलांची माणसं. पोरं घाबरून हसली होती.

मला हे ठाऊक होतं. शुक्रवारी दरडीपुढे उभा राहिलो तेव्हाही ठाऊक होतं, पण त्या क्षणी मला ते नको होतं.

शत्रूने तोडले नव्हते. ज्यांना सोडवत नव्हतं त्यांनी तोडले होते.

सुलक्षणाच्या कबरीला काहीही झालेलं नाही. एक दगडही हललेला नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सणसवाडीला ज्ञानदेवच्या खोलीवर गेलो. आबा सापडला नाही, तो कोणी दुसराच, एवढं सांगायचं होतं. सुवर्णा, त्याची बायको, भाकरी थापत होती. तो पाळीवरून येऊन नुकताच आडवा झाला होता. ऐकता ऐकता उठून बसला.

"किती वर्सं म्हनलात?"

"तीन हजार."

 तव्यावरची भाकरी करपली तरी सुवर्णाने उलटली नाही.

"मग मी कुणासाठी पाय फोडलं, सर?"

मला ऐकू आलं. तरी विचारलं, "काय म्हणालास?"

"तुमीच म्हनला कर्ता उघड्यावर आणा. रात्रभर ऐकलं. आटव्यांदा, नवव्यांदा लावलं. मग पहार घेतली. पहिल्या घावाला त्यो आय म्हनला. दुसऱ्याला काईच म्हनला न्हाई." त्याने आपला तीन बोटांचा हात माझ्यापुढे धरला. "मला वाटलं तुमाला कळलंय. तुमी पहार बघितली ना?"

मी म्हटलं, "मी मारायला सांगितलं नव्हतं."

"व्हय," तो म्हणाला. "तसं न्हाई म्हनला तुमी." त्याने मान्य केलं. एवढं लवकर मान्य केलं, की मला तिथे बसवेना.

पोलिसांनी काल पलीकडच्या तीराचा ड्रायव्हर ज्योतिबा उचललाय. मी त्याचं नाव काढलं तशी सुवर्णा पहिल्यांदा बोलली. "त्यो सुटंल, सर. त्याच्या मालकाकडं वकील हाय. आमच्याकडं कोण हाय? तुमीच हाय ना?"

मी प्रार्थना करू म्हणालो. तिघांनी डोळे मिटले. मला एक शब्द सुचला नाही. शेवटी सुवर्णाच आमेन म्हणाली.

रविवार, १६ फेब्रुवारी

भावे प्रयोगावर बोललो. 'मला आज चालवत नाही.' इथे क्रियापद कर्त्याचंही ऐकत नाही, कर्माचंही नाही. एकटं उभं राहतं. मी म्हटलं, कधीकधी विश्वासणाऱ्याचंही असं होतं, आणि अशा वेळी देव त्याच्या वतीने बोलतो. चांगला पाठ होता. बायांनी माना डोलावल्या.

ज्ञानदेव आला होता. फोन त्याच्या खिशातच राहिला. बाहेर पडताना म्हणाला, "आज लवकर संपवलं, सर."

पाटील सांगत होता, ज्योतिबा कबूल होत नाही म्हणून त्याला उलटा निजवून तळपायांवर पट्टा चालवतात. पुन्हा पायच. मी पाटलाला म्हटलं, फार वाईट आहे हे. तो म्हणाला, "वाईट कशाचं, कबूल झाला की थांबत्यात."

संध्याकाळी दोनदा चप्पल घालून फाटकापर्यंत गेलो. ठाण्यावर जायचं म्हणून. दोन्ही वेळा परत आलो. ज्ञानदेवाला वाचवतोय, असं स्वतःला सांगितलं. ते खरंच असावं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

(हे बुधवारी लिहितोय. डाव्या हाताने. अक्षर पहिलीतल्या पोराचं.)

दुपारी दाराशी दगडाबाई उभी. काखेत गोणपाटाचं गाठोडं. मी तिला लांबूनच पाहिलेली.

"तुमी आनंदराव मास्तर ना? येक काम व्हतं," म्हणाली. "बन्सीचा उजवा पाय काल काढला. दवाखान्यानं सही घेऊन हातात दिला. गावच्या मसणवटीत गेले तर म्हनत्यात, जित्या माणसाचं अर्धं हितं कशाला आणलंस, अपशकुन हाय. नदीत टाकावं तर कुत्री वडत्यात. तुमच्यात पुरत्यात. इतकुशी जागा द्या. दुधाची किटली मावंल येवढी."

 खोरं घेऊन पुढे निघालो. सुलक्षणाच्या पायथ्याशी जागा दाखवली.

जमीन दगडासारखी. खोरं वाजायचं आणि उडायचं. ती उन्हात गाठोडं छातीशी धरून उभी, मूल धरावं तसं. चार वेळा मारून मी थांबलो.

"पहार न्हाई का? ती काय भिताडाला," ती म्हणाली. पहार पलीकडे चर्चच्या ओट्यावरच्या भिंतीला टेकवलेली होती. "आना की."

माझे पाय हलले नाहीत. तिने गाठोडं सावलीत ठेवलं, आपणच गेली आणि पहार आणून खणायला लागली. सवयीचे हात. आत रुतवायची, हलवायची, उचलायची. प्रत्येक घावाला तिच्या छातीतून हुंकार निघायचा. मी ते बघत होतो. तेल लावलेलं लोखंड उन्हात चमकत होतं आणि ती त्याच लोखंडाने त्याच पायासाठी खड्डा करत होती.

खड्डा झाला. तिने गाठोडं ठेवलं, माती लोटली, हातांनी चोपली. मग पदर सावरून म्हणाली, "तुमच्यात काय म्हनत्यात ते म्हना."

आयुष्यभर शब्दांवर जगलो. तोंड उघडलं तर बाहेर एवढंच आलं. "दगडाबाई, हे मी केलंय."

"काय?"

"बन्सीचे पाय. मारणारा माझ्या मंडळीतला आहे. माझं बोलणं ऐकून त्याने मारलं. याच पहारीने. आणि चूक आमची होती. बन्सीने काहीच केलं नव्हतं. शुक्रवारपासून मला माहीत आहे."

तिला कळायला वेळ लागला. आधी तिने पहारीकडे पाहिलं. मग आपल्या तळहातांकडे. मग एकदम, आवाज न करता, तिने ती दोन्ही हातांनी उचलली. मी डोक्यावर हात धरला. पहिला घाव हातावर बसला आणि हाड मोडल्याचं मी ऐकलं. दुसरा खांद्यावर. मी सुलक्षणाच्या दगडावर पडलो. तिसऱ्यांदा तिने पहार वर नेली, टोक खाली करून, माझ्या पायांवर. तिथेच धरून ठेवली.  मी पाय ओढून घेतले नाहीत. हे धैर्य नव्हतं, ओढायचं सुचलंच नाही.

तिने पहार बाजूला मातीत टाकली.

"मला हिच्यानं खणायला लावलंस," म्हणाली. "मला."

गेली. मागे वळून पाहिलं नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

हात गळ्यात. काल दौंडला प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं. कबर खणताना, म्हणालो.

तिथूनच सणसवाडीला गेलो. ज्ञानदेवाला म्हटलं, ठाण्यावर चल. मी आधी सांगणार आहे, तू माझ्याबरोबर ये. त्याने माझी मान धरून मला दारावर आपटलं. प्लास्टरचा हात मध्ये सापडला, डोळ्यांपुढे काळोख आला. त्याचं तोंड माझ्या तोंडापाशी होतं.

"आता जाऊ म्हनता? माझी पोरगी पहिलीत हाय, सर. तवा का न्हाई थांबवलं? पहार बघून का न्हाई थांबवलं?"

सुवर्णाने त्याला मागून मिठी घालून ओढलं. तो खाली बसला आणि भिंतीवर डोकं आपटत राहिला. फार वेळ. मग उठला, शर्ट बदलला, मोटारसायकलची किल्ली घेतली. वाडीवर थांबून आम्ही पहार घेतली. ती मी मांडीवर आडवी धरून मागे बसलो. वाटेत त्याने एकदाच विचारलं.

"मला शिक्षा व्हईल. तुमाला?"

"माहीत नाही."

ठाण्यात त्याने सगळं सांगितलं. मी म्हटलं, साहेब, माझंही लिहा, हे माझ्या सांगण्यावरून झालं. ज्ञानदेवने फोन काढला आणि टेबलावर लावून दिला. माझा आवाज त्या खोलीत घुमला. उठा. शोधा. हवालदार लिहायचे थांबले. कोपऱ्यात ज्योतिबा बसला होता, पाय पसरून, तळवे सुजून काळे झालेले. तोही ऐकत होता. मी स्वतःला असा कधी ऐकला नव्हता. सुंदर आवाज आहे. कुठे थांबायचं, कुठे चढायचं, सगळं येतं त्याला.

फौजदार म्हणाले, "छान बोलता हो, सर. पण यात मार असं कुठं म्हणालात?"

"पूर्ण ऐका."

"ऐकलं की. भाषणाला कलम लावायचं म्हणजे वरून विचारावं लागंल. तुम्ही साक्षीदार म्हणून सही करा. डाव्या हाताची चालंल."

ज्योतिबाला सोडलं. तो भिंत धरून, टाचांवर चालत गेला. जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "चार दिस आधी आला असता तर, मास्तर." ज्ञानदेवाला आत घेतलं. मला चहा दिला.

रविवार, २३ फेब्रुवारी

व्यासपीठावर चढलो नाही. खाली उभं राहून मंडळीला जे झालं ते सांगितलं. कोणी केलं, कोणाच्या शब्दावर, सगळं. उपमा न देता. पहिल्यांदाच एवढं कमी बोललो. बरेच जण अर्ध्यातून उठून गेले. एकाने जाताना माझ्या पायाशी थुंकलं. सुवर्णा मुलीला घेऊन शेवटपर्यंत बसली होती, माझ्याकडे न बघता. क्षमा करणे हे क्रियापद मी आयुष्यभर फळ्यावर चालवलं, प्रत्येक पुरुषात, प्रत्येक काळात. प्रत्येक वाक्यात करणाऱ्याच्या जागी मीच असायचो. क्षमा ज्याला करायची त्याच्या जागी उभं राहून ते कसं ऐकू येतं, हे आज कळलं.

उपासना संपल्यावर कबरस्तानात गेलो. बन्सीच्या पायावरच्या मातीला कुत्र्यांनी नखं लावली होती. बाभळीची काटेरी फांदी आधीच कोणीतरी वर टाकलेली.

दगडाबाई सुलक्षणाच्या दगडापलीकडे बसली होती. मी परत फिरणार तेवढ्यात म्हणाली, "त्याला उद्या घरी आणत्यात. डावा वाचला. सकाळी मला म्हनतो, आय, उजव्या चपलेचं काय करायचं?"

तिने पदराखालून चप्पल काढली. प्लॅस्टिकची, निळी, टाच झिजलेली. अंगठ्याचा ठसा उमटलेला.

"ही बी घाला त्याच्यात."

पहार पोलिसांकडे जमा आहे. ओट्यावरून खुरपं आणलं, फांदी सारली आणि गुडघ्यांवर बसून डाव्या हाताने उकरायला लागलो. माती तिने चोपून चोपून बसवली होती. खुरपं सरळ धरता येत नव्हतं. नख उलटलं. ती हलली नाही, मदतीला आली नाही, उठूनही गेली नाही. चप्पल मांडीवर घेऊन बसून राहिली.

चप्पल मावेल एवढं झालं तसा मी थांबलो आणि तिच्याकडे पाहिलं.

"आजून खोल," ती म्हणाली.